वरचे दोन्ही मजले

माझ्या घराचा आजवरचा सगळ्यात देखणा फोटो माझ्या भाच्याने काढला, आणि त्याच फोटोने माझं घर गेलं. देखणा म्हणते, कारण तो आहेच देखणा. रागाच्या भरात चांगल्या गोष्टीला नावं ठेवण्याइतकी मी अजून वेडी झालेले नाही.

घर म्हणजे जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या दामोदर बिल्डिंगचा मधला मजला. तळाला दुकानं होती, ती कधीच बंद पडली. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही चार बिऱ्हाडं, सगळे जुने भाडेकरू. मी सुरेखा, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेली. माझे यजमान शशिकांत फॅक्टरीत होते, ते त्याच घरात गेले. माझ्या बरोबर डोक्यावर बेबीताई राहायच्या. त्यांचं खरं नाव काय, हे बहुधा त्यांनाही रेशनकार्ड बघून सांगावं लागलं असतं. जुन्या मालकाचा नातू गौतम शेठ याला बिल्डिंग पाडून तिथे हॉटेल उभारायचं होतं. पण आम्ही राहत होतो तोवर त्याचं काही चालत नव्हतं. आमच्या वकिलांनी आम्हाला एकच गोष्ट बजावली होती: ताबा सोडू नका, घरात माणूस दिसू द्या. त्यामुळे बेबीताई सिहोऱ्याला मुलाकडे गेल्या तरी संध्याकाळच्या बसने परत यायच्या. मुलाला वाटायचं आईला सुनेचा स्वयंपाक आवडत नाही. तेही खरं होतं म्हणा.

अतुल माझ्या थोरल्या बहिणीचा, प्रमोदिनीचा मुलगा. जन्म पुण्यातला, शिक्षण पुण्यातलं, आणि तोराही तिथलाच. प्रमोदिनी गेली तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे बँकेत लागला आणि बदली होऊन जबलपूरला आला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. मला मूलबाळ नाही. बहिणीचा मुलगा रोज ताटावर बसणार, याहून जास्त मला काही नको होतं.

पहिल्या दिवशी तो आला आणि वर यायचं सोडून रस्त्यात मान वर करून उभाच राहिला. चहा गार होत होता. मी गॅलरीतून हाक मारली तर म्हणतो, "मावशी, तुला माहीत आहे तू कशात राहतेस?"

"भाड्याच्या घरात," मी म्हटलं. "ये वर."

वर आल्यावर त्याने मला समजावलं. आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या अर्धगोल आहेत, त्यांच्या पोटावरून सिमेंटच्या तीन पट्ट्या आडव्या गेल्या आहेत, जिन्याचा भाग गोल उभा आहे आणि कठडे जाड नळ्यांचे आहेत, हे मला माहीत होतं. नळ्या मीच पुसायचे. पण आमच्या जुन्या मालकाने, दामोदर शेठने, नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत जाऊन तेव्हाची अगदी नवी घरं पाहिली आणि तसंच इथे बांधून घेतलं, हे मला माहीत नव्हतं. त्याच सुमारास, किंवा त्याच्या थोडं आधी, परदेशात काही फोटोवाले गच्च्यांवर चढून कॅमेरा तिरका धरायला लागले होते. ते सरळ खाली बघून जिना टिपायचे आणि रस्त्यावर उताणं पडून धुराडं टिपायचे. त्यांना घर दाखवायचं नसे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, त्रिकोण, अर्धवर्तुळं एवढंच त्यांना हवं असे. अतुल त्या लोकांवर फिदा होता. तो फोनने फोटो काढायचाच नाही. त्याच्याकडे जुना रोलचा कॅमेरा होता, आणि रोल घालायचा तोही काळापांढरा.

फोटो धुवायला त्याने माझी न्हाणी ताब्यात घेतली. खिडकीला काळी चादर, दाराच्या फटीला माझी जुनी साडी आणि वर लाल बल्ब. भर दुपारी मी त्याच्याशेजारी उकडत उभी राहायचे. ट्रेमधल्या पाण्यात पांढरा कागद हलायचा आणि त्यावर हळूहळू आमचा जिना उमटायचा. मला ते फार आवडायचं. मी आयुष्यभर त्या जिन्याने भाजीच्या पिशव्या वर आणल्या, पण दुपारी कठड्याची सावली भिंतीवर पडते आणि हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी दिसते, हे मी पाहिलंच नव्हतं. त्याने दाखवलं तेव्हा दिसलं. पुढे मला तोच नाद लागला. रेल्वे स्टेशनचा पूल, फॅक्टरीची लांबच लांब भिंत, पाण्याची टाकी, जिथे जाईन तिथे मला तिरप्या रेषा दिसायच्या. बाजारात एकदा वर बघता बघता मी एका हातगाडीवर आदळले. या गोष्टीचे उपकार मी अजून मानते. म्हणूनच बाकीचं जास्त जळतं.

एक मात्र होतं. माझ्या बोलण्यातल्या चुकांवर त्याचा फार डोळा.

"अतुल, डबा खाली झाला असंल तर दे धुवायला," मी म्हणायचे.

"मावशी, डबा खाली नाही होत. रिकामा होतो. खाली म्हणजे जमिनीकडे."

"तुला समजलं ना? मग दे."

तो हसायचा. मीही हसायचे. आमची मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली. भांड्यांची देवघेव व्हावी तसे शब्दही होतात, आणि कोणाची वाटी कोणाकडे राहिली याचा पुढे कोणी हिशेब ठेवत नाही. त्याला ते गावंढळ वाटायचं. मी मनावर घ्यायचे नाही. घरचं पोर टोकणारच.

जानेवारीत तो हट्टाला पेटला. त्याला पुढची सगळी बाजू एका फोटोत हवी होती. समोरच्या घराच्या गच्चीवरून, दुपारी ऊन तिरपं झालं की गॅलऱ्यांच्या सावल्या एकीखाली एक अशा विळ्यासारख्या पडतात, त्या वेळी. पण आमच्या गॅलऱ्यांत काय नसायचं. साड्या, गाद्या, तुळशीचे डबे, कूलरचे सांगाडे, बेबीताईंच्या मुगाच्या वड्यांची ताटं, आणि वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे.

"मावशी, माणसं रेषा मोडतात," तो म्हणाला. "एक तासभर सगळं काढून ठेवता आलं तर बघ ना. खिडक्या बंद. दोऱ्यासुद्धा नकोत."

मी पदर खोचला. चारही बिऱ्हाडांत जाऊन सांगितलं की माझा भाचा मोठा कलाकार आहे, आपल्या बिल्डिंगचं नाव होणार आहे, रविवारी दुपारी आवरा. कोणी नाही म्हटलं नाही. फक्त बेबीताई म्हणाल्या, "काहून आवरायचं? लग्न हाय का बिल्डिंगचं?" पण त्यांनीच आधी ताटं उचलली.

तो रविवार मला अजून दिसतो. आम्ही पुढच्या सगळ्या गॅलऱ्या धुतल्या. तुळशी आत नेल्या, दोऱ्या सोडल्या, खिडक्या लावल्या. मग सगळी मंडळी मागच्या अंगणात जमली. मी पोहे केले होते, कोपऱ्यावरून जिलबी आणली होती. म्हातारे उन्हात बसले, बायकांनी सतरंजी घातली. किती दिवसांनी आम्ही असे एकत्र बसलो होतो. अतुल समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावून थांबला होता. मी फोनवर त्याला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो शब्दन् शब्द मला पाठ आहे, कारण नंतर तो मला पुन्हा पुन्हा ऐकवला गेला.

"अतुल, वरचे दोन्ही मजले खाली. आता तिथं कोनीच नाही. तू आरामात काढ."

सगळे खाली अंगणात आलेत, असं मी सांगत होते. दुसरं काय सांगणार?

फोटो न्हाणीतून बाहेर आला तेव्हा आम्ही सगळे बघायला जमलो. पांढऱ्या भिंतीवर काळे विळे, एकाखाली एक, मध्ये जिन्याचा उभा पट्टा, आणि वरच्या कोपऱ्यात आकाशाचा करडा त्रिकोण. मी बघतच राहिले. बेबीताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"घर तर आपलंच हाय," त्या म्हणाल्या. "पन आपन कुठी गेलो?"

"तुम्ही नाही आहात म्हणूनच ते दिसतंय," अतुल म्हणाला.

त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी दोन-तीन जणींना फोन करून सांगितलंसुद्धा.

उन्हाळ्यात, भाडेकरूंचे खटले चालतात त्या कचेरीत गौतम शेठचा अर्ज लागला. त्याचं म्हणणं, वरचे दोन्ही मजले दिवाळीपासून ओस पडलेत, भाडेकरू पोराबाळांकडे राहतात, इथे नुसती कुलपं लावून ठेवलीत, म्हणून ताबा मालकाला मिळावा. आम्ही हसलो. आमच्याकडे विजेची बिलं होती, गॅसच्या पावत्या होत्या, आणि आम्ही स्वतः होतो, धडधाकट, दोन पायांवर चालत जाणारे. सुनावणीच्या दिवशी मी अतुलला म्हटलं, चल सोबत, जरा धीर वाटेल. तो म्हणाला, त्याला बँकेच्या कामाने नागपूरला जायचं आहे. मी त्याला सकाळी डबा करून दिला, प्रवासात बाहेरचं खाऊ नये म्हणून.

कचेरीत आम्ही बाकावर दाटीवाटीने बसलो होतो. दारातून अतुल आत आला. बँकेचा इस्त्रीचा शर्ट, हातात मोठं पाकीट. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, पोराने मावशीसाठी नागपूर रद्द केलं. मी बेबीताईंना कोपराने सरकवून माझ्या शेजारी जागा केली. बाकावर हात थोपटून दाखवलासुद्धा, इथे ये म्हणून.

तो समोरून गेला आणि गौतम शेठच्या वकिलाजवळ बसला.

मी हात बाकावरून उचलला नाही. खरंच सांगते, मला बराच वेळ कळलंच नाही की हात तिथेच आहे.

वकिलाने पाकिटातून फोटो काढले आणि निकाल देणाऱ्या साहेबांपुढे मांडले. साहेब सभ्य माणूस होते, त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला. विळ्यांचा फोटो त्यांनी उजेडाकडे धरला. "बहुत सुंदर है," ते म्हणाले. "पर इसमें तो कोई रहता नहीं दिख रहा."

आमच्या वकिलांनी बिलं पुढे केली. समोरचा वकील म्हणाला, साहेब, कुलूप लावून बिल भरत राहायचं आणि राहायचं दुसरीकडे, हे अर्धं शहर करतं. एक तुळस दाखवा, एक दोरी दाखवा. माणसं राहतात तिथे निदान एक टॉवेल वाळत असतो.

मी उभी राहिले. "साहब, सामान हमने हटाया था. इसी ने बोला था हटाने को. ये मेरी बहन का लड़का है."

साहेबांनी अतुलकडे पाहिलं. "आपने हटवाया था?"

अतुलने माझ्याकडे पाहिलं नाही. "सर, मैं जो होता है, वही खींचता हूँ."

माझ्यामागे बेबीताईंनी "अरे" एवढंच म्हटलं. मोठ्याने नाही. ताटातलं काही सांडलं की म्हणतो तसं.

मग अतुलने फोन पुढे केला आणि माझा आवाज त्या खोलीत वाजला. वरचे दोन्ही मजले खाली. आता तिथं कोनीच नाही. किती मायेने बोलले होते मी. मागे जिलबीच्या कागदाचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. पण जबलपूरच्या कचेरीत बसलेल्या हिंदी माणसाने त्यातून काय ऐकायचं? दोन्ही मजले खाली, म्हणजे रिकामे, तिथं कोणी नाही. साहेबांनी तो दोनदा लावायला सांगितला.

"यह आवाज आपकी है?"

"मेरी है साहब. लेकिन खाली मतलब नीचे. मराठी में खाली मतलब नीचे होता है. सब लोग नीचे आँगन में थे, नाश्ता कर रहे थे."

खोलीत कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अतुलला विचारलं, "आप भी तो मराठी हैं. ये ठीक कह रही हैं?"

मला पुन्हा आशा वाटली. लाज वाटते सांगायला, पण वाटली. फोटो त्याने विकला असेल, खोटं बोलला असेल, पण या एका प्रश्नाचं उत्तर तर त्यानेच मला शिकवलं होतं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, हो सर, नीचे. खरं बोलायला त्याला काही नवं शिकायचं नव्हतं.

अतुलने शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "सर, शुद्ध मराठी में खाली मतलब नीचे ही होता है. पर इनकी मराठी में... ये लोग यहाँ खाली को खाली ही बोलते हैं. डिब्बा खाली, घर खाली."

खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं. मी तसंच बोलते. ते तो माझ्या ताटावर बसून माझ्याच तोंडून ऐकत आला होता. "इनकी मराठी" म्हणाला तो. "ये लोग" म्हणाला. त्याच्या आईची मराठी कुठली होती? प्रमोदिनी आणि मी एकाच घरात बोलायला शिकलो. लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तीही डबा खालीच म्हणायची, आणि सासरी तिला हसायचे म्हणून रडत मला फोन करायची.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ओरडले नाही.

"काय दिलं रे तुला गौतम शेठने?"

"मावशी, तसं नाही. तो माझ्या फोटोंचं पुस्तक काढतोय. प्रदर्शनही करणार आहे, दिल्लीत. अशी संधी पुन्हा येत नाही."

"आणि आम्ही?"

"बिल्डिंग आज ना उद्या पडणारच होती. ती फोटोत तरी टिकेल. तू म्हणायचीस ना, किती सुंदर आहे. मी तेच वाचवलं."

"मी तिथं राहून राहिली, अतुल. मला टिकवायचं नव्हतं का काही?"

त्याने घड्याळात पाहिलं. त्याला उशीर होत नव्हता. कुठेतरी बघायचं म्हणून पाहिलं. माझा डबा त्याच्या हातातल्या पिशवीत होता, त्याचं झाकण दिसत होतं. तो मी मागून घेतला. त्यातल्या पोळ्या व्हरांड्यातल्या कुत्र्याला घातल्या, आणि हे मी रागाने केलं हे त्याला दिसावं म्हणून त्याच्यासमोरच केलं.

निकाल आमच्याविरुद्ध गेला. वकील म्हणाले, वरच्या कोर्टात जाता येईल. पण चार म्हाताऱ्या बिऱ्हाडांत वर जाण्याचं बळ उरलं नव्हतं. बेबीताई सिहोऱ्याला गेल्या, सुनेच्या स्वयंपाकाकडे, कायमच्या. बसमध्ये चढताना त्या मला म्हणाल्या, "सुरेखा, तू त्या दिवशी पोहे मस्त केले होते." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिडायला हवं होतं, आणि माझ्यावरच चिडायला हवं होतं, कारण गॅलऱ्या आवरा म्हणून मीच दारोदार फिरले होते. पण त्या दिवशी मी कुठलं पाप केलं नव्हतं. मी माझ्या माणसावर विश्वास ठेवला होता. त्याला पाप म्हणायचं तर माणसाने राहावं तरी कसं?

मला जबलपुरातच, गोहलपूरला, एका वर्कशॉपच्या वर दोन खोल्या मिळाल्या. दिवसभर पत्रा कापल्याचा आवाज येतो. सामान हलवायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता, शशिकांतचा फोटो मी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसणार होते, आणि अतुल आला. कॅमेरा नव्हता आणला. एवढी अक्कल होती. त्याची बदली झाली होती, दिल्लीला जाणार होता. म्हणाला, "मावशी, निघतो मी परवा."

माझ्या मनात सगळं तयार होतं. सुनावणीपासून रोज मी ते घोकत होते, अंघोळ करताना, कणीक मळताना. तू माझा कोणी नाहीस. तुझ्या आईला वर गेल्यावर मी सांगेन तू काय केलंस. तुझं तोंड मला पुन्हा दाखवू नकोस. एकेक वाक्य धार लावून ठेवलं होतं.

तो वाकला आणि त्याने माझ्या पायाला हात लावला. लहानपणापासून लावतो तसा, दोन्ही हातांनी, डोकं पार गुडघ्याशी टेकवून. त्याच्या केसांत मला प्रमोदिनीचा भोवरा दिसला. माझा हात आपोआप उठला आणि त्याच्या डोक्यावर गेला.

"सुखी राहा," मी म्हटलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. अतुल उठला, त्याचे डोळे भरले होते, आणि तो निघून गेला. त्याला वाटलं असेल, मावशीने माफ केलं. मी माफ केलेलं नाही. तोंडाला वळण पडलं होतं, एवढंच. घर त्याने कागदावर घेतलं, माझी भाषा माझ्याविरुद्ध वापरली, ते मी कोणालाही सांगू शकते, रागाने सांगू शकते. पण तो आशीर्वाद त्याने माझ्याकडून घेतला तेव्हा आशीर्वाद खरा होता, आणि ते कोणाला सांगता येत नाही. आता तो सुखी आहे म्हणतात, आणि मला रोज वाटतं की ते माझ्या त्या दोन शब्दांमुळेच आहे.